इंदामावशीच्या हातचा घास

इंदामावशीला कुणी रडताना दिसलं की तिला पहिल्यांदा राग यायचा. कीव यायची, पण ती मागाहून, आणि तीसुद्धा शिव्यांत गुंडाळून. लग्न होऊन मी कोंढ्याला आले तेव्हा मनात म्हटलं, बाप्पा, शेजार मिळाला तोही असला! आमच्या आणि तिच्या अंगणात मधे नुसता कुडाचा आडोसा. पलीकडून दिवसभर दोन आवाज यायचे. एक तिचा, सकाळी सुरू झाला की थांबायचं नाव नाही. दुसरा तिच्या मुलीचा, छबीचा. त्यात शब्द नसायचे.

छबीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. मावशीला हे नाव पाठ होतं, पण ती ते घेत नसे. ‘पोरीचं अंग आखडलं हाय,’ एवढंच म्हणायची. हातपाय काटकीसारखे वाळलेले, मान टिकत नाही, डोळ्यांना उजेड कळतो पण माणूस कळत नाही. मी आले तेव्हा छबी फ्रॉक घालायची. पुढं ती चांगली मोठी बाई झाली, तरी मावशी तिला तशीच कडेवर घेऊन हापशीवर यायची, दुकानात जायची. लोक म्हणत, इंदाची कंबर लोखंडाची आहे. कसलं लोखंड! लुगड्याच्या आत दवाखान्यातला पट्टा करकचून बांधलेला असायचा.

छबीचा बाप कामाला म्हणून नागपूरला गेला आणि तिकडंच दुसरं घर करून बसला. नवीन होते तेव्हा मी एकदा भीतभीत विचारलं. मावशी तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “होता तवाबी थो नसल्यासारखाच होता. आता खाटेवर जागा त झाली!” आणि स्वतःच खळखळून हसली. मला हसावं की नाही कळेना.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या प्रज्वलमुळं. प्रज्वल सिकलसेलचा. रक्त तपासून कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि पोराचं अंग दुखायला लागणं वेगळं. पहिल्यांदा दुखलं तेव्हा तो नीट बोलतही नव्हता. गुडघे धरून असा ओरडायला लागला की माझं सगळं शिक्षण कुठल्या कुठं गेलं. सासू शेतावर, नवरा पवनीला. मी पोराला मांडीवर घेऊन ओट्यावर बसले आणि भोकाड पसरलं.

कुडाच्या वरून मावशीचं डोकं दिसलं.

“काय वं, काहून रडून राहिली?”

“मावशी, पोराले...”

“ऐकू येते मले. रडाचं मंग. आधी पानी पाज त्याले, पोटभर. गोधडी टाक अंगावर. अन् नवऱ्याले फोन लाव, गाडी घेऊन ये म्हना. ऊठ नं! बसून काय राहिली?”

तोवर ती छबीला कडेवर मारून आमच्या अंगणात आलीसुद्धा. छबीला माझ्या सासूच्या खाटेवर टेकवलं, प्रज्वलला माझ्याकडून ओढून घेतलं आणि मला शिव्या देत देत त्याला पाणी पाजलं. दवाखान्यातही आली. संध्याकाळी सलाइन लागलं, पोराचा डोळा लागला, तेव्हा माझ्यासमोर बाकड्यावर बसली आणि म्हणाली, “हं. आता रड.” आता काय रडू येणार? ती वाट पाहत बसली होती. शेवटी आम्ही दोघी हसायला लागलो, आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की नर्स बाहेर आली.

तेव्हापासून मी तिची झाले. तीही मला नावानं नाही, ‘पज्वलची माय’ म्हणूनच हाक मारायची. गावात अशा सगळ्या आयांची नावं तिनं लेकरांवरूनच पक्की केली होती, आणि कुठल्या घरात कुठलं लेकरू कसं आहे हे तिला ठाऊक असायचं.

कुणी गोड बोललं की मात्र तिचं डोकं फिरायचं. एकदा तालुक्याला अशा मुलांच्या पालकांचा मेळावा होता. हार, माईक, सगळं होतं. एक पाहुणे भाषणात म्हणाले, देव अशी खास मुलं खास आयांच्याच पदरात घालतो. टाळ्या पडल्या. मावशी उभी राहिली. मी तिचं लुगडं ओढतेय खाली, पण ऐकेल तर ती इंदामावशी कसली!

“साहेब, माह्या पदरात आता जागा नाही. येक हप्ता तुमी घेऊन जा हिले. तुमीबी खास होऊन पाहा.”

पाहुणे हसले, मग हसायचे थांबले. मागच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून खिदळत होत्या. त्यातल्या कित्येकींच्या डोळ्यांत पाणी होतं.

आमच्याकडं धानाचा रोवणा लागला की गावात बाई उरत नाही. रोपं, म्हणजे आमचे पऱ्हे, उपटायचे, गुडघाभर चिखलात वाकून धान रोवायचं, शेताची एक बांधी झाली की टोळी दुसऱ्या बांधीत. जी बाई रोवण्याला येत नाही तिला पुढं कापणीलाही कुणी विचारत नाही. लहान लेकरं म्हाताऱ्यांजवळ टाकून बाया पहाटेच निघतात. पण जे लेकरू म्हाताऱ्यांना आवरत नाही, त्याचं काय करायचं?

टोळीतली शेवंता तिच्या मुलाला, गोलूला बांधून जायची. गोलूला बोलता येत नाही, समज नाही, आणि पाणी दिसलं की तो सुटतो. घर तळ्याच्या पाळीला लागून. जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या पायाला आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. मावशीला हे कळलं तशी ती गेली, पोराला सोडवलं, आणि शेवंता येईपर्यंत त्याच दारात बसून राहिली. मला सोबत नेलं होतं. शेवंता आली, कमरेपर्यंत चिखल.

“ढोर हाय काय थो, बांधून जाले?” मावशी तिच्यावर धावून गेली.

 शेवंता एकदम फुटली. “नाही बांधलं त तळ्यात जाते मावशी! येकडाव बुडता बुडता काढला. मी घरी बसलो त खाऊ काय? सांगा नं, काय करू मी? काय करू?” आणि चिखलाच्याच हातांनी तिनं कपाळ बडवून घ्यायला सुरुवात केली.

 मावशीनं शेवंताचे दोन्ही हात धरले, बराच वेळ धरून ठेवले. मग म्हणाली, “उद्या माह्या छपरीत आणून टाक.”

“तुमची छबी असते नं...”

“असते त काय झालं? छबी काय पळून जाते?”

अशी ती छपरी सुरू झाली. समोर बांबूचं फाटक बसवलं, खाली गवत अंथरून वर ताडपत्री. रोवण्याच्या दिवसांत तिथं गावातली सगळी अशी लेकरं असायची. कुणाला फिट यायची, कुणाला ऐकू येत नव्हतं, कुणाची मान टिकत नव्हती. दुखणं नसलं की प्रज्वलही तिथंच लोळायचा. बदल्यात टोळीच्या बाया काय करायच्या, तर सगळ्यांच्या आधी मावशीची एवढीशी बांधी रोवून द्यायच्या. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत आया धावतपळत भरवायला यायच्या, हापशीवर कोपरापर्यंत हात धुवायच्या. पण छपरीत मावशीचा कायदा होता. कुणी आपल्या लेकराला भरवायचं नाही. शेवंतानं माझ्या पोराला भरवायचं, मी गोलूला, अशी अदलाबदल.

“तुह्याच हातानं खाईन त तू तापानं पडली का थो उपाशी,” ती म्हणायची. “सवय लावा. आपुन काय अमरपट्टा घेऊन आलो काय?”

लेकरं सुरुवातीला थुंकायची, लाथा झाडायची. मावशी ऐकायची नाही. एका घरच्या आजीनं माझ्याकडं पाहून नाक मुरडलं, आमच्या घरचं लेकरू यांच्या हातचं खाते काय म्हणून. मावशी म्हणाली, “नका खाऊ देऊ. तुमी या भरवाले, रोज, या उन्हात.” आजी काही आली नाही, आणि तिचा नातू माझ्या हातानं पोटभर जेवत राहिला.

कायदा सगळ्यांना होता, फक्त छबीला नव्हता. छबीला मावशीच भरवायची. तिला कुशीत आडवी घ्यायची, डावा हात मानेखाली, भात-वरणाचा गोळा बोटांनी इतका मऊ करायची की दात नसले तरी चालेल. एकीकडं तोंडानं आमच्यावर ओरडणं चालूच. मी एकदा म्हटलंच, “मावशी, छबीला भरवू का मी?”

“तिचं येगळं हाय,” म्हणाली आणि विषय बदलला.

आम्हीही परत विचारलं नाही. कोण विचारणार तिला? आणि खरं सांगायचं तर त्या दोघींकडं पाहताना, यातली एक कधी नसेल हे मनातच यायचं नाही.

मागल्या वर्षी मावशीचं पोट दुखायला लागलं. ओवा खाऊन, शेकून तिनं कितीतरी दिवस काढले. अंग उतरलं तेव्हा मी जबरदस्तीनं भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला. गाठ होती, आणि ती पसरली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी बाहेर आले तर ही दाराशीच उभी.

“काय बोलला थो? खरं सांग, पज्वलची माय.”

मी सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि चपला शोधायला लागली. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून बसली होती. मी तिच्या आजाराबद्दल काहीबाही धीराचं बोलत होते. तिनं मधेच मला थांबवलं.

“छबीले भरवन कोन?”

इतक्या वर्षांत तिनं आम्हाला नेहमी सांगितलं होतं. विचारलं पहिल्यांदाच. माझ्या तोंडून पटकन निघालं, “आम्ही आहोत ना.” तिनं माझ्याकडं पाहिलं. “तुमी आहा. पन थे खाईन काय तुमच्या हातानं?”

कारध्याला तिचा भाऊ होता, तो फोन उचलेनासा झाला. मग आम्ही नागपूरजवळच्या एका संस्थेत छबीला ठेवून आलो. माणसं चांगली होती, जीव लावणारी. हप्ता गेला नसेल, त्यांचाच फोन. बाई, आम्ही सगळं करून पाहिलं, ही तोंडच उघडत नाही, आता नाकातून नळी घालावी लागेल. मावशी म्हणाली, घालू नका, मी येतो. परत आणताना मी छबीला गाडीतून उतरवून घेतलं. हातात वजनच लागलं नाही. मावशीनं घरी आल्या आल्या भात टाकला, कुशीत घेतलं, आणि पोरगी अधाशासारखी खायला लागली. मावशी तिला भरवत होती आणि मला तिच्या चेहऱ्याकडं पाहवत नव्हतं. आईच्या हातचं खाल्लं याचा कुठल्या आईला इतका धसका बसला असेल?

मग छपरीतल्या आया लागल्या कामाला. मावशी खाटेवर पडून आम्हाला सूचना देणार. भात बुळबुळीत झाला पाहिजे, मीठ कमी, मान वर धर. “अन् गार करा वं बाई, चांगला गार. तोंड पोळन पोरीचं.” आम्ही ताटात पसरून भात गार करायचो, गोळा ओठांशी न्यायचो, आणि छबी दातखीळ बसल्यासारखी जबडा आवळायची. मान मागं टाकून किंचाळायची. शेवंतानं मोबाइलवर मावशीची बडबड भरून घेतली आणि ती छबीच्या कानाशी लावून भरवून पाहिलं. आवाज ऐकून छबी हसली. घास ओठांना लागला, तशी इतकी घाबरली की तिला फिट आली.

त्या दुपारी मावशी खाटेवरून उठली, भिंत धरत धरत आली आणि तिनं छबीच्या थोबाडीत मारली. मावशीनं छबीला कधी बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

“मर मंग! मर उपाशी! माह्या आधी मर!”

छबी रडलीसुद्धा नाही. आवाजाच्या दिशेनं तोंड करून हसायला लागली. आई आली होती ना. मावशी खाली बसली आणि ज्या हातानं मारलं त्याच्याकडं पाहत राहिली.

“मी रोज मागतो वं,” ती मला म्हणाली. “दिवा लावताना मागतो. हिले माह्या आधी ने म्हनून. आपल्या हातानं हिले मातीत ठेवतो अन् मंग मरतो. कोनती माय असं मागते? सांग नं मले, तू शिकली हायेस. कोनती माय मागते असं?”

 मी तिचं डोकं छातीशी धरलं. ती खूप हलकी झाली होती. शेवंता कोपऱ्यात तोंड फिरवून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं निर्णय घेतला. घरामागं गोठा होता, जनावरं केव्हाच विकलेली, तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांची भिंत. तिथं तिनं चटई टाकून घेतली. “थे तुमच्या हातानं खात नाही तोवर मी तिथीच राहीन. मी मेलो असं समजा. माहा वास नको तिले, आवाज नको.” हातातल्या बांगड्यासुद्धा काढून ठेवल्या, किणकिणतात म्हणून.

छबीला एकच हाक येत होती. ओठ मिटून ‘म्म’. मावशी कुठंही असो, शेणात हात असो, कुणाशी भांडत असो, ‘आली वं माय!’ म्हणून ओ द्यायचीच. आता छबी हाका मारायची आणि घरातून ओ यायची नाही. सबंध दिवस तिनं काही घेतलं नाही. आम्ही चमच्यानं ओठांतून साखरपाणी सोडत होतो, तेही निम्मंच गळ्याखाली उतरायचं. दुसऱ्या दिवशी तिची हाक बारीक झाली. मी गोठ्याच्या भिंतीशी जाऊन हात जोडले. “मावशी, या हो. पोरगी जाईल.”

तुऱ्हाट्यांच्या पलीकडून फक्त आवाज आला. “नको बोलावू मले. आता आलो त मंग कधीच जमाचं नाही.” आणि थोड्या वेळानं, “श्वास चालू हाय नं तिचा?”

त्यानंतरच्या दुपारी माझं डोकं फिरलं. रागच आला मला, मावशीचा, छबीचा, तिच्या त्या नागपुरातल्या बापाचा, सगळ्यांचा. खिचडी चुलीवरून उतरवली, ताटात पसरायला, गार करायला धीरच नव्हता. छबीला कुशीत ओढलं, गरमच घास उचलला. बोटं पोळली. म्हणून तिच्या तोंडाजवळ वाकून मी घासावर फुंकर मारली. वारा तिच्या गालाला लागला.

छबीनं तोंड उघडलं.

माझा हात तसाच राहिला. शेवंता म्हणाली, “दे नं!” मी घास दिला. तिनं जिभेनं चाचपला, थांबली, आणि गिळला. मी पुन्हा फुंकर मारली, पुन्हा तोंड उघडलं. अगं बाई! इतकंच होतं. मला आता आठवलं, मावशी उभा जन्म घासाघासाला फुंकर मारत आली होती, तोंडानं आम्हाला शिव्या देता देता. न दिसणाऱ्या पोरीला घास येतोय हे त्या वाऱ्यानं कळायचं. मावशीला स्वतःला ते माहीत नव्हतं, आणि ती आम्हाला जीव तोडून सांगत होती, गार करून द्या. गार भाताला कोण फुंकर मारतं? आंधळ्या पोरीच्या ओठांना एकदम काहीतरी परकं लागायचं, ती घाबरणार नाही तर काय?

मला ओरडून सांगायचं होतं. शेवंतानं माझा खांदा दाबला. छबी खात होती. तेवढ्यात घास तोंडात असतानाच तिनं मान गोठ्याकडं वळवली. वास आला की काय, की तिला पहिल्यापासूनच ठाऊक होतं, देव जाणे. “म्म,” ती म्हणाली. आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, “म्म.”

मागचं दार उघडं होतं. गोठ्याच्या तुऱ्हाट्यांमधून मला मावशी दिसली. खांबाला धरून उभी होती. पदराचा बोळा तिनं तोंडात कोंबला होता, आणि डोळे इतके मोठे झाले होते की मला तिची भीती वाटली. तिच्या उजव्या हाताची बोटं खाली, हवेतच, एकमेकांवर फिरत होती. नसलेला भात कालवत होती.

छबीनं तिसऱ्यांदा हाक मारली. मावशीनं ओ दिली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मानेनंच सांगितलं, दे.

मी पुढचा घास दिला.